एका दिवसात फ्लॉरेन्स

प्रवासाची तयारी म्हणजे सामानाची बांधाबांध, असा पुष्कळांचा समज असतो. कपडे घडी घालून ठेवले, फराळाचा डबा भरला, तिकिटे खिशात घातली, की तयारी झाली! परंतु खरी तयारी ह्याहून निराळी आहे. जेथे जावयाचे तेथे काय पाहावयाचे, आणि त्याहूनही अवघड म्हणजे काय सोडून द्यावयाचे, हे घरी बसूनच ठरवावे लागते. वेळ थोडा व पाहण्यासारखे फार, अशा ठिकाणी तर ह्या विचारावाचून गत्यंतरच नसते.

इटलीतील फ्लॉरेन्स हे असे एक शहर आहे. तेथील लोक त्याला फिरेन्झे म्हणतात. आर्नो नदीच्या काठी वसलेल्या ह्या शहरात पंधराव्या शतकात चित्रकला, शिल्पकला, स्थापत्य व शास्त्र ह्यांचा असा बहर आला की, युरोपच्या इतिहासात त्या काळास पुनरुज्जीवनाचा काळ म्हणतात. रोमहून वेगवान आगगाडीने सुमारे दीड तासात येथे पोहोचता येते. त्यामुळे पुष्कळ प्रवासी एकच दिवस राखून येतात. तो दिवस कसा घालवावा, ह्याचा विचार आपण नकाशा पुढे ठेवून करू.

प्रथम वार पाहावा. सोमवारी तेथील दोन प्रमुख संग्रहालये, आकादेमिया व उफ्फीत्सी, बंद असतात. रविवारी चर्चमधून उपासना चालते. म्हणून मंगळवार ते शनिवार ह्यांपैकी एखादा दिवस निवडावा. दुसरी गोष्ट तिकिटांची. मोठ्या घुमटावर चढण्याची वेळ आधी ठरवून तिकीट घ्यावे लागते; आयत्या वेळी ते मिळेलच असा भरवसा नाही. तिसरी गोष्ट पोशाखाची. चर्चमध्ये जाताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत. आपल्याकडील देवळांत वावरलेल्या माणसाला ह्यात नवल वाटावयास नको.

आता काय सोडावे? आमचे उत्तर ऐकून चित्रकलेचे भोक्ते रागावतील. पण आम्ही उफ्फीत्सी सोडावे असे म्हणतो. उफ्फीत्सी म्हणजे कचेऱ्या. १५६० साली वासारी ह्या स्थपतीने सरकारी कामकाजासाठी ही इमारत बांधावयास घेतली. आज तेथे जगातील एक श्रेष्ठ चित्रसंग्रह आहे. मेदिची ह्या राजघराण्यातील अखेरची राजकन्या आन्ना मारिया लुईझा हिने १७३७ साली करार करून घराण्याचा सारा कलासंग्रह राज्याच्या हवाली केला आणि त्यातील काहीही फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये अशी अट घातली. तिची ही दूरदृष्टी नसती, तर हा ठेवा केव्हाच देशोदेशी विखुरला असता. तथापि इतकी दालने दोन तासांत धावत पाहणे म्हणजे ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ करून घेणे होय. ज्याला चित्रांचीच ओढ आहे त्याने खुशाल अर्धा दिवस तेथेच द्यावा आणि मग आमच्या यादीतील निम्मे सोडावे. दोन्ही साधण्याचा हव्यास मात्र धरू नये.

सकाळी सव्वाआठला आकादेमियाचे दार उघडते. स्टेशनापासून पायी पाव तासाची वाट आहे. येथे एकाच मूर्तीसाठी जावयाचे : मायकेलँजेलोचा ‘डेव्हिड’. ज्या संगमरवरी शिळेतून ही मूर्ती निघाली, ती दुसऱ्या शिल्पकारांनी थोडे काम करून टाकून दिलेली होती आणि कित्येक दशके उघड्यावर पडून होती. १५०१ साली सव्वीस वर्षांच्या मायकेलँजेलोने ती हाती घेतली व १५०४ मध्ये ५.१७ मीटर उंचीचा हा तरुण वीर उभा केला. राक्षसाला गोफणीने लोळविणारा हा मुलगा म्हणजे बलाढ्य शत्रूंनी वेढलेल्या छोट्या प्रजासत्ताकाचे प्रतीक आहे, असे नगरवासीयांनी मानले व मूर्ती नगरसभेच्या वाड्यासमोर उभारली. ऊनपावसापासून बचाव व्हावा म्हणून १८७३ साली ती संग्रहालयात आणली गेली. चौकात आज दिसते ती १९१० साली बसविलेली प्रतिकृती होय.

तेथून दहा मिनिटे चालले की मोठे कॅथीड्रल येते. दिवसाचा सर्वात मोठा भाग आम्ही येथे राखून ठेवला आहे. १२९६ साली बांधकामास प्रारंभ झाला. पण मध्यभागी जे अष्टकोनी छिद्र राखले होते, त्यावर घुमट कसा घालावा हे कोणालाच सुचेना. सुमारे पंचेचाळीस मीटर रुंदीवर घुमट बांधावयाचा, तर त्याला खालून आधार देण्यासाठी प्रचंड लाकडी सांगाडा हवा. एवढे लाकूड आणावयाचे कोठून, आणि ते तितक्या उंचीवर पेलावयाचे कसे? फिलिप्पो ब्रुनेल्लेस्की ह्या सोनारकाम शिकलेल्या माणसाने सांगितले, ‘मी जमिनीपासून सांगाडा उभारल्यावाचून घुमट बांधतो.’

त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. त्याने एकात एक असे दोन घुमट रचले : आतला जाड, बाहेरचा पातळ. त्यामुळे वजन कमी झाले. विटा नुसत्या आडव्या न रचता मधूनमधून काही उभ्या बसविल्या. त्यांची रांग माशाच्या काट्यासारखी तिरपी वर चढत जाते. ह्या उभ्या विटांमध्ये अडकून राहिल्यामुळे नव्या थरातील विटा, चुना ओला असतानाही, आत घसरल्या नाहीत. थर पुरा झाला की तो स्वतःच आपला भार पेलू लागे. घुमटाचा दाब बाहेर पसरू नये म्हणून, पिंपाला जशा लोखंडी पट्ट्या आवळतात, तशा दगडाच्या व लाकडाच्या साखळ्या भोवताली बसविल्या. सामान वर चढविण्यासाठी बैलांनी फिरणारे यंत्रही त्याने स्वतः रचले. १४२० साली सुरू झालेले हे काम १४३६ मध्ये पुरे झाले. आज घुमटावर जाताना ४६३ पायऱ्या चढाव्या लागतात. त्यांतील वरचा भाग ह्या दोन घुमटांच्या मधूनच जातो. त्या उभ्या विटाही तेथे डोळ्यांनी पाहता येतात. पुस्तकात वाचलेली भूमिती पायांनी चढून जाण्याचा हा योग चुकवू नये. हृदयविकाराच्या रुग्णांनी मात्र खालीच थांबावे.

खाली उतरून भोजन करावे. मग दक्षिणेस काही मिनिटांवर सिन्योरिया चौक आहे. नगरसभेचा वाडा, डेव्हिडची प्रतिकृती व इतर पुतळे उघड्यावर असल्याने तिकीट लागत नाही. फरशीत एक गोल दगड बसविला आहे, तो शोधावा. नगराच्या विलासावर कोरडे ओढणारा धर्मोपदेशक साव्होनारोला ह्याला २३ मे १४९८ रोजी फाशी देऊन येथेच जाळण्यात आले.

चौकातून पूर्वेस सांता क्रोचे चर्च आहे. येथे मायकेलँजेलोची समाधी आहे व समोरच्या बाजूस गॅलिलिओची. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, ह्या मताबद्दल १६३३ साली धर्मपीठाने गॅलिलिओला शिक्षा केली. १६४२ मध्ये तो वारला तेव्हा त्याचे स्मारक उभारू दिले नाही. त्याला एका लहानशा खोलीत पुरले. १७३७ साली, म्हणजे पंचाण्णव वर्षांनी, त्याच्या अस्थी ह्या भव्य समाधीत आणल्या गेल्या. जवळच महाकवी दान्ते ह्याचे स्मारक आहे. पण ते रिकामे आहे. ज्या नगराने त्याला हद्दपार केले त्यात तो परत आलाच नाही. १३२१ साली राव्हेन्ना येथे वारला व तेथेच त्याची समाधी आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोला महापूर आला, तेव्हा ह्या चर्चमध्येही पाणी शिरले. त्या वेळी देशोदेशीचे विद्यार्थी धावून आले आणि चिखलातून ग्रंथ व चित्रे हातोहात बाहेर काढू लागले. फ्लॉरेन्सच्या लोकांनी त्यांना ‘चिखलातले देवदूत’ असे नाव दिले.

नदीकाठाने परत येताना पोन्ते वेक्यो, म्हणजे जुना पूल, लागतो. तो १३४५ साली बांधला गेला. पुलावरच दुकाने आहेत. पूर्वी ती खाटकांची होती. १५९३ मध्ये राजाज्ञेने त्यांना उठवून सोनारांना जागा दिली. १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने आर्नोवरील शहरातले बाकीचे पूल उडविले, हा एकच राखला.

आणि आता, उफ्फीत्सी सोडून जो वेळ आम्ही वाचविला, तो कशासाठी ते सांगतो. शहराच्या पश्चिमेस नदीकाठी काशीने नावाचे लांबच लांब उपवन आहे. त्याच्या पार टोकाला, मुन्योने नदी आर्नोला मिळते तेथे, दगडी खांबांची एक छत्री उभी आहे व तिच्याखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा अर्धपुतळा आहे. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. १८७० साली ते युरोप पाहावयास गेले. जे पाहिले ते रोजनिशीत लिहीत गेले; ती रोजनिशी पुढे १८७२ साली प्रसिद्ध झाली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स येथे आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते वारले. वय अवघे वीस. तेथे दहनाची चाल नव्हती; खास परवानगी मिळवून सोबतच्या मंडळींनी ह्या संगमावर आपल्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार केले. १८७४ साली छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँट ह्यांचा. आपल्या बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडाही त्यांचाच. जवळच्या नव्या पुलाला १९७८ पासून तेथील लोक ‘इंदियानो’चा, म्हणजे त्या हिंदी माणसाचा, पूल म्हणतात.

ठिकाण लांब असल्याने वाहन करावे आणि जाण्यायेण्यास दोन तास धरावेत. हिवाळ्यात तेथे पाच वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. तेव्हा तीनच्या सुमारास निघणे बरे. दान्ते आपल्या गावाला अंतरला. आपल्या गावाला अंतरलेल्या आमच्या एका तरुण राजाला मात्र त्याच गावाने जागा दिली. ती छत्री पाहिल्यावाचून मराठी प्रवाशाने फ्लॉरेन्स पाहिले असे आम्ही म्हणणार नाही.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी किती जणांना फ्लॉरेन्सला जाण्याचा योग येईल हे कोण सांगणार! परंतु शाळेची सहल तर दरवर्षी निघते. पुढच्या सहलीपूर्वी असाच नकाशा पसरून बसा. पाहावयाच्या स्थळांची यादी करा आणि तिच्यातील निम्मी नावे विचारपूर्वक खोडा. जी उरतील त्यांच्याविषयी चार गोष्टी आधी वाचून जा. घरी परतल्यावर वडील माणसे ‘काय पाहिलेस?’ असे विचारतील, तेव्हा नुसती नावे न सांगता तुम्हांला सांगण्यासारखे काही तरी असेल.