सात एमबीची भिंत

"मेमरीचा स्पीड किती?" हा प्रश्न दिसायला एकदम सरळ आहे. पण तो "पुण्याहून मुंबई किती तास?" याच्यासारखा आहे. कशाने जाणार, कुठल्या वारी, किती वाजता निघणार आणि मुंबई म्हणजे दादर की बोरिवली, हे सांगितल्याशिवाय दिलेलं उत्तर खोटं नसतं, पण उपयोगाचंही नसतं. तरी जुन्या कॉम्प्युटरांच्या दुनियेत याच एका आकड्यावर लोक अ‍ॅक्सिलरेटर कार्डं विकतात आणि घेतातही, तीसुद्धा चांगले पैसे मोजून.

मला हे कळायचं कारण माझा मामेभाऊ. दादा जर्मनीत एमएस करतो आणि पार्टटाइम जॉबवर महिना काढतो. तरीही त्याने तिथल्या जुन्या बाजारात एक अमिगा १२०० घेतला! आपल्याकडे अमिगा फारसा कोणी पाहिलेला नाही. (१९८४ च्या 'क्लास' प्रकल्पात शाळांमध्ये आलेले बीबीसी मायक्रो आपल्या काही सरांना आठवत असतील, ते वेगळे.) कमोडोर कंपनीने पहिला अमिगा १९८५ साली आणला, गाजलेला अमिगा ५०० हा १९८७ चा आणि अमिगा १२०० हा १९९२ चा. एप्रिल १९९४ मध्ये कंपनी बुडाली. पण ब्रिटन-जर्मनीत घरोघरी गेलेली ही मशीन्स अजून चालू आहेत आणि त्यांच्यासाठी आजही नवीन कार्डं बनतात.

दादाला एक जुनं ६८०३० चं कार्ड मिळत होतं. विकणाऱ्याने मेमरीचा स्पीड म्हणून एकच आकडा मोठ्या अक्षरात लिहिलेला. दादाचा मेसेज आला, "तू कॉम्प्युटरला आहेस ना? सांग, घेऊ का?" आता आमच्या सिलॅबसमध्ये ८०८५ आणि ८०८६. मोटोरोलाचा ६८००० म्हणजे पुस्तकाच्या शेवटी एखादं पान, तेही कोणी ऑप्शनला टाकतं. मग बसले डेटाशीट घेऊन.

पहिली गोष्ट अशी की अमिगात मेमरी दोन प्रकारची असते. एक 'चिप रॅम'. चित्र, आवाज आणि फ्लॉपी यांचं काम करणाऱ्या खास चिप्स थेट हीच मेमरी वाचतात, आणि सीपीयूही तीच वापरतो. म्हणजे आपल्या हॉस्टेलचा एकच नळ आणि सकाळचे साडेसात! दुसरी 'फास्ट रॅम', जी फक्त सीपीयूची. अ‍ॅक्सिलरेटर कार्डवर नवा प्रोसेसर असतो आणि शेजारी ही फास्ट रॅम. (अमिगा ५०० च्या पोटात बसवायची ५१२ केबीची तिसरी जात पण होती. तिला लोक 'स्लो रॅम' म्हणायचे, कारण ती बसते चिप रॅमच्याच रांगेत, पण खास चिप्सना वापरता येत नाही. दोन्हीकडचे तोटे एकत्र!) तेव्हा स्पीड कुठल्या मेमरीचा, हा प्रश्न नंबर एक.

प्रश्न नंबर दोन: कुठल्या इन्स्ट्रक्शनने मोजला? इथे मला खरी मजा आली. अमिगा ५०० मधला ६८००० हा युरोपातल्या पाल मॉडेलमध्ये ७.०९ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याला मेमरीकडे एक फेरी मारायला कमीत कमी ४ क्लॉक लागतात आणि एका फेरीत २ बाइट येतात. भागाकार करा, सेकंदाला साधारण ३.५५ एमबी झाले. हे छत. याच्या वर कोणी जाऊ शकत नाही. पण मेमरीतून फक्त डेटा येत नाही, इन्स्ट्रक्शनसुद्धा तिथूनच यावी लागते. एक वर्ड वाचणाऱ्या मूव्हला ८ क्लॉक लागतात, म्हणजे १.७७ एमबी. लाँगवर्ड वाचला तर १२ क्लॉकमध्ये ४ बाइट, म्हणजे २.३६ एमबी. आणि 'मूव्हएम' नावाची इन्स्ट्रक्शन एका दमात आठ रजिस्टर भरते. तिला ७६ क्लॉक लागतात आणि ३२ बाइट येतात, म्हणजे २.९९ एमबी. मशीन तेच, मेमरी तीच, कोणी स्क्रू ड्रायव्हरही लावलेला नाही, आणि आकडे तीन! म्हणूनच चांगले बेंचमार्क प्रोग्राम वर्ड, लाँगवर्ड आणि मूव्हएम यांच्या ओळी वेगवेगळ्या छापतात. वाचनाच्या वेगळ्या आणि लिहिण्याच्या वेगळ्या.

त्यात एमबी म्हणजे दहा लाख बाइट की १०,४८,५७६, यावरून जवळजवळ पाच टक्क्यांचा फरक पडतो. दोन कार्डांची भांडणं कधीकधी एवढ्यावरच असतात.

आणि मोजताना स्क्रीनवर काय चाललं होतं? अमिगा ५०० ची रचना हुशार आहे. ६८००० अर्धाच वेळ बस वापरतो, उरलेल्या अर्ध्यात खास चिप्स आपलं काम उरकतात, म्हणून साध्या स्क्रीनवर दोघांची टक्कर होत नाही. पण हाय रेझोल्यूशनला १६ रंग लावले की चित्राच्या ओळी काढताना चिप्स सगळ्या पाळ्या घेऊन टाकतात आणि सीपीयू दाराशी उभा. तोच प्रोग्राम, तीच इन्स्ट्रक्शन, आकडा धाडकन खाली.

आता दादाच्या अमिगा १२०० कडे येऊ. त्यात १४.१८ मेगाहर्ट्झचा ६८ईसी०२० आणि २ एमबी चिप रॅम, फास्ट रॅम शून्य. सीपीयूला चिप रॅममध्ये ५६४ नॅनोसेकंदांनी एकदा पाळी मिळते, पण एका पाळीत ४ बाइट येतात. म्हणजे छत ७.०९ एमबी. खुद्द हा प्रोसेसर ३ क्लॉकमध्ये फेरी पूर्ण करू शकतो, म्हणजे १८.९ एमबीपर्यंत. थोडक्यात काय, बिचारा निम्म्याहून जास्त वेळ नुसता थांबलेला असतो. म्हणून कुठलाही नवा प्रोसेसर न घालता नुसती फास्ट रॅम बसवली तरी अमिगा १२०० जवळपास दुप्पट पळतो. हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण हिशोब समोर आहे.

६८०३० च्या कार्डावर ५० मेगाहर्ट्झ म्हणजे २० नॅनोसेकंदांचा क्लॉक. रॅमच्या पट्टीवर ६० लिहिलेलं असतं. लोक लगेच म्हणतात, ६० नॅनोसेकंद म्हणजे तीन क्लॉक, ४ बाइट, झाले ६६ एमबी! पण ६० हा पहिला डेटा हाती यायचा वेळ आहे. डीरॅमला पुढच्या फेरीआधी पुन्हा सावरायला वेळ लागतो आणि पूर्ण फेरी साधारण ११० नॅनोसेकंदांची होते. म्हणजे सहा क्लॉक आणि ३३ एमबी. मेसमध्ये पोळी ताटात पडायला लागणारा वेळ आणि दोन पोळ्यांमधला वेळ हे वेगळे, हे तुम्हाला सांगायला नको.

यावर तोड म्हणजे बर्स्ट. मेमरीची एकच रो उघडी ठेवून लागोपाठ चार लाँगवर्ड उचलायचे. समजा पहिल्याला सहा क्लॉक आणि पुढच्या तिघांना दोन-दोन लागले, तर १२ क्लॉकमध्ये १६ बाइट, पुन्हा ६६ एमबी! पण बर्स्ट चालू हवं, ते वर्कबेंचमधल्या 'सीपीयू' कमांडने चालू-बंद होतं. एकच कार्ड, एका स्विचवर दुप्पट किंवा निम्मं. विकणाऱ्याने कुठला आकडा छापला असेल, ओळखा पाहू!

शिवाय कॅश. ६८०३० ची डेटा कॅश फक्त २५६ बाइटची, ती ओलांडणं सोपं. पण ६८०६० ची ८ केबीची आहे. तिथे ४ केबीचा तुकडा पुन्हा पुन्हा वाचला तर तुम्ही मेमरी मोजतच नाही, कॅश मोजताय. लिहिण्यात आणखी फसगत आहे. ६८०३० प्रत्येक लेखन मेमरीपर्यंत पोचवतो, ६८०४० आणि ६८०६० मात्र कॉपीबॅक मोडमध्ये ते कॅशमध्येच ठेवून मोकळे होतात.

पण दादाला मी जे शेवटी पटवलं ते वेगळंच होतं. कार्ड कुठलंही घ्या, चिप रॅमचं छत तसंच राहतं, कारण ते कार्डावर नाही, मदरबोर्डवर आहे. अगदी पाय-स्टॉर्म घ्या. यात ६८००० च्या जागी चक्क रास्पबेरी पाय बसवतात (हो, आपल्या प्रोजेक्टवालाच) आणि तो ६८के प्रोसेसरची नक्कल करतो. त्याची फास्ट रॅम म्हणजे पायची स्वतःची मेमरी, तिचे आकडे बघून डोळे फिरतात. अमिगा १२०० साठीही त्याची आवृत्ती आहे. पण चित्र दिसायचं तर ते चिप रॅममध्ये लिहावंच लागतं. ३२० गुणिले २०० चं, २५६ रंगांचं एक चित्र म्हणजे ६४,००० बाइट. सात एमबीच्या हिशोबाने ९ मिलिसेकंद गेले. पाल स्क्रीनची एक फ्रेम २० मिलिसेकंदांची असते. डूमचा सोर्स कोड डिसेंबर १९९७ मध्ये खुला झाल्यावर तो अमिगावर आला, आणि ही ९ मिलिसेकंदं कुठल्याच प्रोसेसरला चुकली नाहीत. सुटका एकच, चित्रासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड.

(नवीन लॅपटॉपवाल्यांनीही हसू नये. डीडीआर-४०० ची सीएल ३ वाली पट्टी पहिल्या डेटाला १५ नॅनोसेकंद घेते आणि डीडीआर४-३२०० ची सीएल २२ वाली १३.७५. बँडविड्थ आठपट, वाट बघणं जवळपास तेवढंच.)

मी दादाला विकणाऱ्याला विचारायला चार प्रश्न लिहून दिले: कुठली मेमरी, कुठली इन्स्ट्रक्शन, केवढा तुकडा, आणि बर्स्ट चालू की बंद. उत्तर आलं, "हे कार्ड खूप फास्ट आहे." दादाला खेळायचे होते जुने गेम्स आणि चालवायचं होतं डीलक्स पेंट. त्याने ते कार्ड सोडलं आणि नुसती फास्ट रॅम घेतली, तीही ४ एमबीच. ८ एमबी घेतली असती तर पत्त्यांची जागा पीसीएमसीआयए स्लॉटशी भिडते आणि तो स्लॉट बंद पडतो. फाइल्स तर तो तिथूनच आणतो. बसवल्यावर त्याने स्क्रीनचा फोटो पाठवला. चिप रॅमचा आकडा सातच्या जरा खाली, पूर्वी होता तिथेच, आणि खाली फास्ट रॅमची नवीन ओळ.

कोणाला करून बघायचं असेल तर विनयूएई हा एम्युलेटर फुकट आहे आणि त्यात एआरओएसचा मोफत रॉम येतो. अमिगा ५०० निवडून सायकल-एक्झॅक्ट मोड लावा, वरचे १.७७, २.३६ आणि २.९९ आधी कागदावर काढा, मग मोजा. वेळ मोजायला ७,०९,३७९ हर्ट्झचा ई-क्लॉक आहे, ६४ केबी मूव्हएमने वाचायला त्याचे सुमारे साडेपंधरा हजार टिक व्हायला हवेत. अ‍ॅक्सिलरेटरचा 'फास्टेस्ट पॉसिबल' पर्याय मात्र लावू नका. तिथे येणारा आकडा अमिगाचा नसतो, तुमच्या रूममधल्या पीसीचा असतो.