अक्षराच्या आत चालायला जागा आहे

संगणकावर 'व' टाइप करा आणि तो हवा तेवढा मोठा करा. भिंतीएवढा केलात तरी त्याची कड फाटणार नाही, कारण फॉन्टच्या फाइलमध्ये अक्षराचं चित्र नसतंच. काही बिंदू असतात आणि त्यांच्यामधून वळण कसं जाईल याचं गणित असतं. हे गणित मोटारींच्या कारखान्यांतून आलं. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी ते वेगवेगळं विकसित केलं. गाडीच्या पत्र्याचा बाक अचूक लिहून ठेवता यावा, एवढीच त्यांची गरज होती.

अशा गणिती रेषांच्या चित्राला व्हेक्टर चित्र म्हणतात. त्यातून व्हिडिओ गेमचा नकाशा तयार होतो, म्हणजे आपण त्या 'व'च्या आत शिरून चालू शकतो! डिसेंबर १९९३मध्ये आलेला 'डूम' हा खेळ यासाठी अगदी सोयीचा आहे, कारण त्याचा नकाशाही मुळात सपाट रेषांचाच असतो. बिंदू, ते जोडणाऱ्या रेषा आणि रेषांनी वेढलेले भाग, ज्यांना सेक्टर म्हणतात. प्रत्येक सेक्टरसोबत जमिनीची उंची, छताची उंची आणि उजेड किती, हे आकडे लिहिलेले असतात. खेळताना अंगावर येणारे अंधारे बोळ आणि जिने एवढ्याशा माहितीतून उभे राहतात. म्हणूनच मूळ डूममध्ये एका खोलीवर दुसरी खोली बांधता येत नाही. एका जागेला जमीन एकच आणि छतही एकच.

अडचण अशी की डूमला वळण ठाऊक नाही, फक्त सरळ रेषा कळतात. इथे कास्तेल्जोची युक्ती कामाला येते. वक्ररेषेचे दोन तुकडे केले की प्रत्येक तुकडा पुन्हा त्याच जातीची वक्ररेषा असतो. मग त्याचेही दोन तुकडे करायचे, आणि तुकडा जवळजवळ सरळ झाला की थांबायचं. किती तुकडे पुरतात? २५६ एकक त्रिज्येचं वर्तुळ १६ सरळ बाजूंनी काढलं, तर खऱ्या वर्तुळापासून ते जास्तीत जास्त ४.९ एकक दूर राहतं. ३२ बाजू घेतल्या तर फक्त १.२. बाजू दुप्पट केल्या की चूक जवळपास चौपटीने घटते. खेळाडूची उंची ५६ एकक असल्यामुळे ही चूक त्याच्या लक्षातही येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. कागदावरच्या रेषेला बाजू नसते, डूमच्या रेषेला असते. ती एका बिंदूपासून दुसऱ्याकडे जाते, आणि बंद भिंतीची खोली तिच्या उजव्या हाताला असावी लागते. आता ट्रूटाइप फॉन्टचा नियम पाहा. अक्षराची बाहेरची कड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते, पोकळीची कड उलट दिशेने. त्यामुळे कोणत्याही कडेने गेलात तरी शाई उजव्या हातालाच राहते! अक्षरं छापण्यासाठी केलेला नियम आणि राक्षस मारण्याच्या खेळासाठी केलेला नियम तंतोतंत जुळतात. 'व'ची शाई चालण्याजोगी खोली होते, शिरोरेषा आडवा लांब बोळ होते, आणि पोटातली पोकळी आपोआप भरीव खांब होऊन मधोमध उभी राहते. कोणी वेगळं सांगावं लागत नाही. मात्र व्हेक्टर चित्र ज्यात साठवतात त्या एसव्हीजी फाइलमध्ये बिंदूंचे उभे अंक वरून खाली मोजत जातात आणि डूममध्ये खालून वर. ते तसेच उतरवले, तर नकाशा आरशातल्यासारखा उलटतो आणि खोली डाव्या हाताला जाते. उभ्या अंकांचं चिन्ह बदललं की दोन्ही दुरुस्त होतं.

नकाशा खेळण्याजोगा होण्याआधी आणखी एक संस्कार बाकी असतो. हेन्री फुक्स, झ्वी केडेम आणि ब्रूस नेलर यांनी १९८०मध्ये मांडलेली कल्पना डूमचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याने खेळात वापरली. नकाशातली एक रेषा दोन्हीकडे वाढवून सगळ्या नकाशाचे दोन भाग करायचे, मग प्रत्येक भागाचे पुन्हा दोन. कुठल्याच तुकड्यात आत वळलेला कोपरा उरला नाही की थांबायचं. ही काटछाट खेळाआधी एकदाच होते. खेळताना संगणक प्रत्येक छेदापाशी एकच प्रश्न विचारतो: खेळाडू या बाजूला आहे की त्या? तेवढ्यावरून जवळची भिंत कोणती आणि तिच्यामागची कोणती, हा क्रम कळतो. अंतरं मोजून क्रम लावत बसावं लागत नाही. म्हणून १९९३च्या घरगुती संगणकावरही डूम पळत होता. मला हा विचार आजही अतिशय सुंदर वाटतो.

हे करून पाहायला खर्च नाही. चित्रासाठी इंकस्केप आणि खेळासाठी फ्रीडूम, दोन्ही मोफत मिळतात. अक्षराचे भाग एकमेकांवर आलेले असतील, तर आधी त्यांचा एकसंध आकार करून घ्या. बोळ किमान ६४ एकक रुंद ठेवा. खेळाडू म्हणजे डूमच्या हिशेबात ३२ एककांचा चौकोन, आणि तो कधीच तिरका होत नाही. त्यामुळे तिरक्या बोळातून जायला त्याला ४५ एककांहून जास्त जागा लागते.