कापडाची उलटी बाजू

घरी शिवलेल्या स्क्रंचीची किंवा हेअरबँडची तरफदारी करताना लोक हमखास दोन कारणं देतात. पैसे वाचतात, आणि कपाटातले तुकडे मार्गी लागतात. हिशेबाला बसवली की दोन्ही लंगडी पडतात. नाशिकच्या मेन रोडला किंवा शालिमारला दहा-वीस रुपयांत स्क्रंची मिळते, घाऊक घेतली तर त्याहूनही कमीत. इलास्टिक, दोरा, इस्त्रीची वीज आणि शिवणाऱ्याचा वेळ मांडला, तर घरची स्क्रंची स्वस्त पडते असं प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. तुकड्यांचंही तेच. ओटीत आलेला एक ब्लाऊज पीस ८० सेंटिमीटर लांब आणि मीटरभर पन्ह्याचा धरला, तर त्यातून ५० बाय १० सेंटिमीटरच्या १६ पट्ट्या निघतात. हळदीकुंकवांत आणि लग्नकार्यांत जमलेले असे डझनभर पीस कितीतरी घरांत पडून असतात. म्हणजे जवळजवळ दोनशे स्क्रंच्या झाल्या. एवढी डोकी कुठल्या घरात आहेत? कापडाचा ढीग उपसायचा तर गोधडी शिवावी, स्क्रंचीच्या वाटेला जाऊ नये. तरीही ही वस्तू एकदा तरी घरी शिवावी असं मला वाटतं, ते निराळ्या कारणाने. कापड कसं वागतं हे हाताला कळण्यासाठी इतका छोटा आणि तरीही पुरा धडा दुसरा नाही. ज्या जिल्ह्यात येवल्याला पैठणी विणली जाते आणि मालेगावात गल्लोगल्ली यंत्रमागांचा खडखडाट चालतो, तिथल्या घरांनी कापड फक्त सुलट बाजूने, दुकानदाराने उलगडून दाखवलं तेवढंच ओळखावं, हे काही बरं नाही.

स्क्रंची तशी अलीकडची. न्यूयॉर्कच्या रॉमी रेव्हसन या गायिकेने तिचं पेटंट १९८७ मध्ये घेतलं. धातूच्या आणि कडक प्लास्टिकच्या क्लिपांनी केस तुटतात म्हणून तिला काहीतरी मऊ हवं होतं, आणि युक्ती सुचली ती पायजम्याच्या कमरेवरून. पहिला नमुना तिने स्वतःच शिवला. पायजम्याच्या कमरेला आपल्याकडे नेफा म्हणतात, आणि परकर शिवलेल्या कुठल्याही बाईला तो अंधारातही शिवता येतो. नाडीच्या जागी इलास्टिक घाला, नेफ्याची दोन्ही टोकं एकमेकांना जोडा, स्क्रंची तयार. म्हणजे घरी शिवणं ही दुकानातल्या वस्तूची नक्कल नव्हे. वस्तू घरातच जन्मली, कारखान्यात ती नंतर गेली. तिचं चालणंही नेफ्यासारखंच आहे. साधं बारीक रबर केसांना एकाच अरुंद रेषेवर आवळतं, सगळा ताण तिथेच येतो आणि केस तिथेच तुटतो. चुण्या पडलेलं कापड तोच ताण रुंद जागेवर पसरवतं आणि केसांवर अलगद रुतून बसतं. कापडाची लांबी इलास्टिकच्या अडीच-तीन पट का ठेवायची, याचं उत्तर इथे आहे. १८ सेंटिमीटर इलास्टिकला ४५ ते ५० सेंटिमीटर कापड हवं. ३० सेंटिमीटर घेतलं तर चुण्या पडत नाहीत, आणि हातात येते ती कापड गुंडाळलेली रबराची चकती.

कृती सांगायला पाच मिनिटं पुरतात, पण तिच्या प्रत्येक पायरीवर एक निर्णय दडलेला आहे. कात्री लावण्याआधी कापड धुवायचं, कारण सुती कापड आटतं आणि भडक रंगाचं स्वस्त कापड पहिल्या पाण्यात रंग सोडतं. ओल्या वेणीला लाल स्क्रंची लावून मूल शाळेत गेलं की पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर हा धडा उमटतो. मग ताणा आणि बाणा ओळखायचा. किनारीला समांतर जातो तो ताणा. त्या दिशेने कापड ओढलं तर ते जवळजवळ हलत नाही, आडवं ओढलं तर किंचित सैल होतं, आणि कोपऱ्यातून कोपऱ्याकडे, म्हणजे उरेब ओढलं तर चक्क ताणलं जातं. ब्लाऊजच्या गळ्याला उरेब पट्टी का लावतात हे वर्षानुवर्षं ब्लाऊज शिवून घेणारीलाही ठाऊक नसतं. इथे ते दोन बोटांच्या चिमटीत कळतं. सरळ धाग्यावर कापलेल्या पट्टीच्या चुण्या ताठ आणि रेखीव पडतात, उरेब पट्टीच्या मऊ आणि गोल. दोन्ही चालतं, फक्त आपण काय कापतो आहोत हे ठाऊक हवं. पट्टीची सुलट बाजू आत ठेवून लांबीला दुमडायची, काठापासून अर्धा-पाऊण सेंटिमीटर सोडून टीप मारायची, मग एका टोकाला सेफ्टी पिन अडकवून ती नळी आतून बाहेर उलटवायची. नवखे हात इथेच अडतात. टीप काठाच्या फार जवळ असेल तर उलटवताना शिवण उसवते, फार लांब असेल तर आतला जाड पदर नळीत गोळा होतो. यंत्राच्या टाक्याची लांबी, दोऱ्याचा ताण, टाचण्या किती अंतरावर लावायच्या, या सगळ्या गोष्टींचा निकाल त्या वीतभर नळीत लागतो. ब्लाऊज बिघडला की नेमकं कुठे बिघडलं ते कळायला दिवस जातो; इथे चूक लगेच समोर येते, आणि नुकसान झालं तर एका चिंधीचं.

इलास्टिक ओवताना त्याला पीळ पडू द्यायचा नाही, नाहीतर स्क्रंची जिलबीसारखी वेटोळं घालते. टोकांना गाठ मारली तर ती केसांत टोचते. त्यापेक्षा एक सेंटिमीटर एकावर एक ठेवून मागे-पुढे तीन-चार वेळा टीप मारलेली बरी. शेवटी उरतं ते नळीचं तोंड. ते यंत्रावर बंद केलं तर काम लवकर होतं. मी मात्र हातशिलाईच्या बाजूची आहे, आणि त्याला कारण आपल्या घरांतलं खोबरेल आहे. रबराला तेल सोसत नाही. तेलकट केसांत रोज बसणारं इलास्टिक फुगतं, सैल होतं, काही महिन्यांत त्यातला जीव जातो. कापड त्यानंतरही वर्षानुवर्षं टिकतं. विकतच्या स्क्रंचीला तोंड सापडत नाही, म्हणून ती फेकली जाते. घरच्या स्क्रंचीचं तोंड कुठे आहे हे शिवणाऱ्याला ठाऊक असतं. चार टाके उसवायचे, नवं इलास्टिक ओवायचं, पुन्हा चार टाके घालायचे. पैशांच्या बचतीचा मुद्दा मी वर मोडीत काढला, तो या एका जागी थोडा तग धरतो.

खरी गंमत कापड निवडण्यात आहे. सुलट बाजूने सगळीच कापडं देखणी असतात. शिवणाऱ्याला आधी उलट बाजू पाहावी लागते, कारण टीप तिथे पडते. मालेगावच्या मागावरचं साधं सुती किंवा मिश्र धाग्याचं कापड दिसायला सामान्य, पण स्क्रंचीला उत्तम. त्याला चुण्या पडतात, ते केसांना धरून राहतं, कापताना कडेने दोरे फारसे सुटत नाहीत. सॅटिन केसांना घासत नाही, म्हणून कुरळ्या आणि कोरड्या केसांना चांगलं. मात्र तेवढ्याच सहजतेने ते सरळ केसांवरून घसरतं. पॉलिएस्टरचा दोष नाशिकच्या हिवाळ्यात दिसतो. निफाडला पारा खाली उतरतो त्या दिवसांत हवा कोरडी असते, आणि कृत्रिम धाग्याच्या घासण्याने केस ताठ उभे राहतात. खण टणक असतो, त्याच्या चुण्या जाड पडतात, पण चपट्या हेअरबँडला तो छान बसतो. पैठणीच्या काठाचंही तसंच. जरीमुळे काठ ताठ झालेला असतो, त्याची स्क्रंची करणं म्हणजे कापडाशी भांडण, शिवाय सुटं जरीचं टोक केस ओढतं. तोच काठ खाली पातळ अस्तर लावून सपाट पट्टी म्हणून वापरला, किंवा चार घड्यांचा बो करून क्लिपवर टाचला, तर त्याचा ताठपणाच कामी येतो.

पैठणीच्या तुकड्याची उलट बाजू पाहणं हा तर स्वतंत्र अभ्यास आहे. हातमागाच्या पैठणीत पदरावरचे मोर, मुनिया किंवा कमळं वेगवेगळ्या रंगांचे सुटे दोरे हाताने एकमेकांत गुंतवून विणलेली असतात, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. यंत्रमागावरच्या नकलेत एका आकृतीपासून दुसरीकडे जाणारे दोरे मागे लोंबत राहतात, किंवा कापून टाकल्यामुळे मागची बाजू खरबरीत लागते. दुकानात काचेच्या टेबलावर पसरलेल्या साडीत हे शोधायला ग्राहक बिचकतो. कात्री हातात घेतलेल्याला ते न शोधताच दिसतं. ज्या घरात अशा दोन-चार तुकड्यांवर टीप मारली गेली आहे, त्या घराला येवल्याच्या पेढीवर फसवणं अवघड जाईल.

पण पैठणीला कात्री लावायची म्हणजे पाप, असा आक्षेप इथे येतोच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हातमागाच्या एका पैठणीत विणकराचे आठवडे, कधी महिने गेलेले असतात. अखंड, धडधाकट साडी फाडून कोणी स्क्रंच्या करत असेल तर त्याला माझा पाठिंबा नाही. पण जुनं रेशीम अखंडच ठेवायचं, ही आपली रीत कधीच नव्हती. विरलेल्या साड्यांचे परकर-पोलके झाले, दुपटी झाली, देवघरातले चौरंगाचे रुमाल झाले. खऱ्या चांदीची जर असलेली लुगडी तर विकून जाळली जात, राखेतून चांदी काढण्यासाठी. त्यापेक्षा कात्री दयाळूच म्हणायची. आणि डोक्यावर मिरवायचं कापड घरी शिवण्याची आपली स्वतःची परंपरा आहेच: बाळाची कुंची. खणाच्या किंवा रेशमी साडीच्या तुकड्याचा एक आयत, त्याला एक घडी, डोक्यामागे एक टीप, कडेने लेस, मण्यांच्या किंवा रेशमाच्या गोंड्यांची झालर, बाकीचं कापड पाठीवर मोकळं. रचना इतकी साधी की आकाराचं गणित जवळपास नाहीच, आणि सगळं कसब कापडाच्या निवडीत आणि हातशिलाईत. बारशाच्या फोटोंपुरती कुंची आजही टिकून आहे, पण आता ती बहुधा विकतच आणली जाते. स्क्रंची तिची नात आहे असं मी म्हणणार नाही, तो ओढूनताणून लावलेला संबंध होईल. एवढंच, की साडीचं आयुष्य डोक्यावर संपणं ही नवी गोष्ट नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. शिवणकाम ही मुलींवर लादलेली गोष्ट होती. ‘मुलीच्या जातीला टाका घालता आला पाहिजे’ हे वाक्य ऐकत पिढ्या वाढल्या. त्यातून सुटका झाल्यावर पुन्हा सुई-दोऱ्याचे गोडवे कशासाठी? यातलं अर्धं मला मान्य आहे. शिवणक्लासात झबलं, टोपडं, मग परकर, मग ब्लाऊज अशी जी चढण ठरलेली होती, ती संसाराच्या गरजांची चढण होती, आणि शिकणारीला काय शिवावंसं वाटतं हे कोणी विचारत नसे. पण अन्याय होता तो सक्तीत आणि वाटणीत. त्या विद्येत नव्हता. ती सोडून दिल्याने वाटणी सुधारली नाही, फक्त ती विद्या दोघांकडूनही गेली. बाह्या आखूड करायच्या की शिंपी, बटण तुटलं की शिंपी, फॉल-पिकोला तर दुकान हवंच. झबलं आता तयार मिळतं आणि मिळू दे. पहिल्या धड्याची ती रिकामी जागा स्क्रंचीला देता येईल, कारण ती शिकणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यासाठी असते, एका बैठकीत पुरी होते, आणि केस वाढवणारे मुलगेही आज कमी नाहीत. कार्यानुभवाच्या तासाला रंगीत कागदांची तोरणं करून घेण्यापेक्षा सगळ्या वर्गाला हातशिलाईची एक स्क्रंची शिवायला लावणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं. सुई, दोरा, इलास्टिक आणि कातरण यांपलीकडे त्याला काही लागत नाही.

हेच काम धंदा म्हणून करायचं ठरलं, की मात्र माझा सगळा युक्तिवाद उलटा फिरतो, आणि हे बचत गटांच्या प्रदर्शनांत हौसेने टेबल मांडणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवं. सरावलेला हात एका वेळी वीस-पंचवीस पट्ट्या कापून बसला तरी एका स्क्रंचीला दहा मिनिटं धरायला हवीत, म्हणजे तासाला सहा. बाजारातल्या वीस रुपयांशी बरोबरी करायची आणि कापड-इलास्टिकचे आठ-दहा रुपये वजा करायचे, तर तासाची मजुरी साठ-सत्तर रुपयांवर थांबते, आणि त्यात न खपलेला माल, टेबलाचं भाडं, बसचं तिकीट धरलेलंच नाही. शिकण्यासाठी दिलेला अर्धा तास आणि पोटासाठी दिलेला अर्धा तास यांना एकाच मापाने मोजून चालत नाही. भाव वाढवायचा तर नाव हवं, आणि नाशिकमध्ये ते नाव आयतं तयार आहे. ‘पैठणी स्क्रंची’ म्हटलं की वीसचे शंभर होतात. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काठावर मोर असलेल्या वाटेल त्या कापडाला लागू होत नाही. प्रदर्शनातल्या अशा बो-बँडांवरचे लोंबते दोरे मागच्या बाजूला अस्तराखाली झाकलेले असतात, तेव्हा ग्राहकाला उलट बाजू पाहायची सोयच राहत नाही. पट्टीला ‘यंत्रमागाचं कापड, पैठणी नक्षी’ अशी चिठ्ठी लावली तर भाव शंभरावरून चाळिसावर येईल, आणि त्या भावात तासाला सहाच्या हिशेबाने काय उरतं ते वरच्याच आकड्यांवरून काढता येईल.