टेबल-टेनिस
टेबल-टेनिस : टेनिसच्या धर्तीवर टेबलावर खेळला जाणारा एक लोकप्रिय अंतर्गेही खेळ. टेबलाच्या मध्यभागी आडव्या बांधलेल्या जाळ्यावरून हलका, पोकळ चेंडू रबर लावलेल्या बॅटीने एकमेकांकडे टोलविणे, हे त्याचे मूळ स्वरूप होय. ‘पिंग-पाँग’ या नावानेही तो ओळखला जातो. थोडी जागा, अल्प खर्च आणि कोणत्याही ऋतूत खेळण्याची सोय यांमुळे त्याचा जगभर प्रसार झाला. चेंडूला बॅटीच्या साहाय्याने देता येणारी फिरकी हा या खेळाचा प्राण आहे. साहजिकच बॅटीच्या पृष्ठभागात जेव्हा जेव्हा बदल झाला, तेव्हा तेव्हा खेळण्याची शैली पालटली. आणि आक्रमण व बचाव यांतील तोल राखण्यासाठी नियमही बदलावे लागले. या खेळाचा इतिहास बहुतांशी या परस्परक्रियेचा इतिहास आहे.

साहित्य : टेबल २·७४ मी. लांब, १·५२५ मी. रुंद व जमिनीपासून ७६ सेंमी. उंच असते. पृष्ठभाग गडद रंगाचा व बिनचमकीचा असून ३० सेंमी. उंचीवरून सोडलेला चेंडू त्यावरून सु. २३ सेंमी. उसळावा लागतो. दुहेरी सामन्यासाठी लांबीच्या दिशेने मधोमध पांढरी रेषा आखलेली असते. जाळ्याची उंची १५·२५ सेंमी. असते. चेंडू पांढरा किंवा नारिंगी असून त्याचा व्यास ४० मिमी. व वजन २·७ ग्रॅ. असते. बॅटीच्या आकारावर वा वजनावर बंधन नाही; मात्र तिच्या पात्याच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा लागतो. पात्यावर नुसते उंचवट्यांचे रबर लावल्यास त्याची जाडी २ मिमी.पेक्षा आणि खाली स्पंजाचा थर असल्यास एकूण जाडी ४ मिमी.पेक्षा अधिक चालत नाही. बॅटीची एक बाजू काळी व दुसरी तीहून स्पष्टपणे वेगळ्या, ठळक रंगाची असते.

नियम : सर्व्हिस करणारा खेळाडू चेंडू उघड्या तळहातावर स्थिर ठेवून तो किमान १६ सेंमी. सरळ वर उडवितो आणि खाली येताना त्यावर फटका मारतो. हा चेंडू प्रथम त्याच्या स्वतःच्या बाजूस टप्पा घेऊन, जाळ्यावरून जाऊन प्रतिपक्षाच्या बाजूस पडला पाहिजे. सर्व्हिस करताना चेंडू टेबलाच्या पातळीच्या वर व शेवटच्या रेषेच्या मागे असावा लागतो आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या दृष्टीआड करता येत नाही. सर्व्हिसचा चेंडू जाळ्याला स्पर्श करून योग्य जागी पडल्यास ‘लेट’ देऊन ती पुन्हा करावयास लावतात. त्यानंतर प्रत्येक खेळाडूने चेंडू आपल्या बाजूस एक टप्पा पडल्यावर परतवावयाचा असतो. टेनिसप्रमाणे टप्पा पडण्यापूर्वीच अधांतरी चेंडू मारणे येथे मान्य नाही. चेंडू परतवता न आल्यास, तो जाळ्यात अडकल्यास वा टेबलाबाहेर गेल्यास, तसेच मोकळा हात टेबलाच्या पृष्ठभागास लागल्यास गुण प्रतिपक्षाला मिळतो.

प्रथम ११ गुण मिळविणारा खेळाडू डाव जिंकतो. मात्र १०–१० अशी बरोबरी झाल्यास सलग दोन गुणांची आघाडी आवश्यक असते. प्रत्येक खेळाडू आळीपाळीने दोन-दोन सर्व्हिस करतो. १०–१० नंतर एकेक करतो. सामना ५ वा ७ अशा विषम संख्येच्या डावांचा असतो. दुहेरीत सर्व्हिस आपल्या उजव्या अर्ध्या भागातून प्रतिपक्षाच्या उजव्या अर्ध्या भागात करावी लागते आणि जोडीदारांनी चेंडू आळीपाळीनेच मारावयाचा असतो. डाव १० मिनिटांत न संपल्यास शीघ्रखेळाचा नियम लागू होतो. मात्र तोवर दोघांचे मिळून १८ गुण झालेले असल्यास तो लागू करीत नाहीत. या नियमानुसार सर्व्हिस एकेक करून बदलते आणि ती घेणाऱ्याने चेंडू १३ वेळा यशस्वीपणे परतविल्यास गुण त्यालाच मिळतो.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील सुखवस्तू कुटुंबांत जेवणाच्या टेबलावर टेनिसची नक्कल म्हणून हा खेळ सुरू झाला. आरंभी चेंडू रबराचे वा बुचाचे असत व बॅटी चामडे ताणून बसविलेल्या, लांब दांड्याच्या असत. सु. १९०० मध्ये जेम्स गिब या इंग्रज गृहस्थाने अमेरिकेतून सेल्युलॉइडचे चेंडू आणले आणि खेळाला खरी गती मिळाली. अशा बॅटीवर चेंडू आपटताना होणाऱ्या आवाजावरून ‘पिंग-पाँग’ हे नाव पडले. पण ते व्यापारी नाव म्हणून नोंदविले गेल्याने संघटित खेळासाठी ‘टेबल-टेनिस’ हेच नाव रूढ झाले. उंचवट्यांच्या रबराचा वापर विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला व चेंडूवर ताबा ठेवणे शक्य झाले.

आंतरराष्ट्रीय टेबल-टेनिस महासंघाची स्थापना १९२६ मध्ये झाली. आयव्हर माँटेग्यू हे त्याचे पहिले अध्यक्ष १९६७ पर्यंत त्या पदावर होते. भारत हा संस्थापक सदस्यांपैकी एक होय. त्याच वर्षी लंडन येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुरुषांच्या सांघिक विजेतेपदाचा ‘स्वेदलिंग चषक’ माँटेग्यू यांच्या मातोश्रींनी दिला. पुढील काळात हंगेरीचे वर्चस्व होते. त्या देशाच्या व्हिक्टर बार्नाने १९३० ते १९३५ या काळात पाच वेळा जागतिक एकेरी विजेतेपद मिळविले.

त्या काळच्या कठीण रबरी बॅटीने चेंडू परतविणे सोपे व निर्णायक टोला मारणे अवघड होते. परिणामी बचाव वरचढ ठरून खेळ कंटाळवाणा होऊ लागला. १९३६ च्या प्राग येथील जागतिक स्पर्धेत पोलंडचा एर्लिख व रूमानियाचा पानेट यांच्यातील एकाच गुणासाठीचा खेळ दोन तासांहून अधिक चालला. १९३७ मध्ये महिलांची अंतिम लढत वेळमर्यादा संपल्याने थांबविण्यात आली आणि विजेतेपद रिक्त राहिले. अमेरिकेची रूथ ॲरन्स व ऑस्ट्रियाची ट्रूडी प्रिट्झी यांना संयुक्त विजेत्या म्हणून मान्यता मिळाली, ती २००१ मध्ये. अशा प्रसंगांमुळे जाळ्याची उंची कमी करण्यात आली व वेळेची बंधने कडक झाली.

दुसरे स्थित्यंतर मुंबईत घडले. १९५२ मध्ये तेथे झालेल्या जागतिक स्पर्धेत जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. स्पंजात चेंडू क्षणभर रुतून मग जोराने बाहेर फेकला जाई. शिवाय आघाताचा आवाज जवळजवळ येत नसे. कानांनी फटक्याचा अंदाज घेण्याची सवय असलेले यूरोपीय खेळाडू त्यामुळे गोंधळले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या कोत्सियानला हरवून सातोने जपानला एकेरीचे पहिले जागतिक विजेतेपद मिळवून दिले. १९५४ ते १९५७ पर्यंत इचिरो ओगिमुरा व तोशिआकी तानाका या जपानी खेळाडूंनीच ते आलटून पालटून जिंकले. स्पंजाबद्दलच्या वादानंतर १९५९ मध्ये महासंघाने रबराच्या जाडीवर वर उल्लेखिलेली मर्यादा घातली. त्याच वर्षी रुंग ग्वोत्वान हा चीनचा पहिला जगज्जेता ठरला, तर ज्वांग झडुंग याने १९६१, १९६३ व १९६५ असे लागोपाठ तीनदा विजेतेपद मिळविले. १९७१ मध्ये जपानमधील नागोया येथील स्पर्धेनंतर अमेरिकेच्या संघाला चीनने आमंत्रण दिले. पुढील वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले. दोन देशांतील दुरावा कमी करणारा हा प्रसंग ‘पिंग-पाँग मुत्सद्देगिरी’ म्हणून प्रसिद्ध आहे.

बॅटीच्या दोन बाजूंना भिन्न गुणधर्मांचे पण एकाच रंगाचे रबर लावून, ती हातात फिरवून प्रतिस्पर्ध्याला फसविण्याची युक्ती १९८० च्या सुमारास प्रभावी ठरली. तीवर १९८६ पासून लाल व काळ्या रंगाच्या सक्तीने आळा घातला गेला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये समाविष्ट झाला. वेग कमी व्हावा म्हणून २००० मध्ये चेंडूचा व्यास ३८ मिमी. वरून ४० मिमी. करण्यात आला. डाव २००१ मध्ये २१ ऐवजी ११ गुणांचा झाला. सर्व्हिस लपविण्यास २००२ मध्ये आणि वेग वाढविणाऱ्या द्रावकयुक्त गोंदास २००८ मध्ये बंदी आली. २०१४ पासून ज्वालाग्राही सेल्युलॉइडऐवजी अन्य प्लॅस्टिकचे चेंडू वापरात आले. तरीही चीनचे वर्चस्व ढळले नाही : १९८८ ते २०२४ पर्यंतच्या ४२ ऑलिंपिक सुवर्णपदकांपैकी ३७ चीनने जिंकली आहेत. वर्चस्वाच्या या काळात स्वीडनच्या यान-ओव्हे वाल्डनेरचे १९९२ चे सुवर्णपदक विशेष उल्लेखनीय होय.

खेळण्याच्या शैली : बॅट धरण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. हस्तांदोलन करताना हात पुढे करावा तशी मूठ धरण्याची पद्धत मूळची यूरोपीय असून तीत बॅटीच्या दोन्ही बाजू सहज वापरता येतात. लेखणीप्रमाणे अंगठा व तर्जनी यांत दांडा धरण्याची पद्धत पूर्व आशियात वाढली. तीत मनगट मोकळे राहते, पण पूर्वी एकच बाजू वापरली जाई व डावीकडील भाग उघडा पडे. चिनी खेळाडूंनी १९९० नंतर मागील बाजूनेही फटके मारण्याचे तंत्र विकसित करून ही उणीव बरीच भरून काढली.

चेंडूवर वरच्या दिशेने घासून मारलेल्या फटक्याने त्याला टॉपस्पिन, म्हणजे पुढे गडगडणारी फिरकी, मिळते. हवेतील दाबाच्या फरकामुळे असा चेंडू लवकर खाली झुकतो. म्हणून तो जोराने मारूनही टेबलावरच पडतो आणि टप्प्यानंतर पुढे झेपावतो. सु. १९६० मध्ये जपानी खेळाडूंनी रूढ केलेला ‘लूप’ हा या फिरकीचा पराकोटीचा आविष्कार होय. हंगेरीच्या खेळाडूंनी तो दोन्ही हातांनी, म्हणजे फोरहँड व बॅकहँड बाजूंनी खेळून १९७९ मध्ये सांघिक अजिंक्यपद मिळविले. उलट, चेंडूच्या खालून कापल्यासारखा मारलेला फटका त्याला मागे फिरणारी फिरकी देतो. असा चेंडू तरंगत येतो आणि परतविताना जाळ्यात जाण्याचा संभव असतो. टेबलापासून दूर उभे राहून अशा फटक्यांनी आक्रमण थोपविणारा बचावपटू आता क्वचित आढळतो. तरी दक्षिण कोरियाच्या जू से-ह्युकने २००३ च्या जागतिक स्पर्धेत याच शैलीने अंतिम फेरी गाठली होती. तिसरी शैली टेबलाजवळ राहून, चेंडू उसळताक्षणीच तो वेगाने परतविणाऱ्यांची. आजचे अग्रगण्य खेळाडू बहुधा हा वेग आणि लूप यांचा मेळ घालतात. सर्व्हिस व तिच्यापाठोपाठचा पहिला हल्ला यांवरच अनेक गुणांचा निकाल लागतो.

भारत : मुंबईनंतर कलकत्ता (१९७५) व नवी दिल्ली (१९८७) येथेही जागतिक स्पर्धा झाल्या. राष्ट्रीय एकेरी अजिंक्यपद मुंबईच्या कमलेश मेहतांनी ८ वेळा, तर शरत कमल यांनी १० वेळा मिळविले. महिलांत इंदू पुरी यांनी ८ वेळा ते पटकाविले. शरत कमल यांनी २००६ मध्ये व मनिका बत्रा यांनी २०१८ मध्ये राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत एकेरीचे सुवर्णपदक जिंकले. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताला या खेळातील पहिली पदके, दोन कांस्यपदके, मिळाली. टोकिओ पॅरालिंपिकमध्ये (२०२१) भाविना पटेल यांनी रौप्यपदक मिळविले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचे पुरुष व महिला संघ प्रथमच सांघिक स्पर्धेस पात्र ठरले आणि महिलांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली.