पहिली आणि दुसरी यांच्यातील अंतर

दरवर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त, शाळेच्या फलकावर ‘पहिल्या महिलां’ची यादी लागते. मुले ती पाठ करतात आणि प्रश्नमंजूषेत गुण मिळवतात. पुण्यात भिडेवाड्यातील मुलींची शाळा १८४८ साली सुरू झाली. आज इतक्या वर्षांनी या पहिलेपणाच्या कौतुकाला काही अर्थ उरला आहे का?

आपल्या पुण्याचेच उदाहरण घेऊ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ साली पुण्यात झाला. १८८६ साली त्यांनी अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवली. पण क्षयाने गाठले आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यातच त्यांचे निधन झाले. १८८६ सालीच कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पुढे अनेक वर्षे व्यवसाय केला. मग पहिली कोण? ‘डॉक्टर’ म्हणजे पदवी घेतलेली की रुग्ण तपासणारी, हे आधी ठरवावे लागेल. मोजण्यापूर्वी व्याख्या हवी, हा विज्ञानातील नियम इथेही लागू पडतो.

पहिलेपणाचा खरा उपयोग कमला भागवत (पुढे सोहोनी) यांच्या उदाहरणात दिसतो. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर अटी घालून प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि मागून येणाऱ्या मुलींसाठी वाट मोकळी झाली. कमलाबाईंनी १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. मिळवली.

परंतु वाट मोकळी झाली म्हणजे ती रुंद झाली असे नव्हे. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक स्त्रियांना कधी मिळाले ते पाहा : १९०३, १९६३, २०१८, २०२० आणि २०२३. म्हणजे अंतरे ६०, ५५, २ आणि ३ वर्षांची. पहिले साल ‘हे शक्य आहे’ एवढेच सांगते. वाट किती सोपी झाली हे पुढची अंतरे सांगतात.

म्हणून आम्हाला वाटते, यादी काढून टाकू नये, वाढवावी. प्रत्येक नावापुढे मुलांकडून तीन प्रश्नांची उत्तरे शोधून घ्या : कोणते दार बंद होते? ते कोणी व का बंद ठेवले होते? दुसरी केव्हा आली? हेच प्रश्न घरीही विचारता येतील. घरातली दहावी झालेली पहिली स्त्री कोण, आणि दुसरी किती वर्षांनी? वर्गातील सर्वांची उत्तरे एका आलेखावर मांडा.

प्रयोगशाळेत शिरण्यासाठी मुलाला असामान्य असावे लागत नाही. मुलीलाही तसे असावे लागू नये. तोवर पहिलीला विसरून चालणार नाही, आणि पहिलीवर थांबूनही चालणार नाही.