राष्ट्राचें सुख कोणत्या मापानें मोजावें ?

घरची आई पहांटेपासून रात्रीपर्यंत राबते. चूल, पाणी, धुणें, आजाऱ्याची शुश्रूषा, सर्व तिच्याच हातचें. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबांत मात्र तिच्या श्रमांची एक पैहि जमा होत नाहीं. तोच स्वयंपाक खाणावळींत झाला तर तो जमेस धरितात. घरांत कोणी दुखणाईत पडून डॉक्टर व औषधें यांवर पैसा गेला, तर तोहि उत्पन्नांत मिळवितात ! अशा हिशेबावरून देश सुखी कीं दुःखी हें कसें ठरवावें ?

हा आक्षेप नवा नव्हे. दादाभाई नौरोजी यांनीं १८६७-६८ सालचें हिंदुस्थानचें उत्पन्न दरडोई अवघे २० रुपये ठरविलें, आणि तेवढ्यावर न थांबतां तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च त्याशेजारीं मांडला. कैद्याचा खर्च अधिक भरला. पुढें १९३४ सालीं अमेरिकेच्या कायदेमंडळापुढें राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल ठेवणारे सायमन कुझ्नेट्स यांनींच, या आंकड्यावरून राष्ट्राचें कल्याण क्वचितच ताडतां येईल, असा इशारा दिला होता. जगानें आंकडा घेतला व इशारा बाजूस ठेविला.

१९९० सालीं पाकिस्तानचे अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांनीं अमर्त्य सेन यांच्या साह्यानें, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फें, 'मानव विकास निर्देशांक' पुढें मांडला. आयुष्य, शिक्षण व उत्पन्न हे त्याचे तीन विषय. आयुष्यासाठीं किमान २० व कमाल ८५ वर्षें धरितात. एखाद्या देशाचें सरासरी आयुर्मान ७२ असेल, तर त्यांतून २० वजा जातां ५२ उरतात. त्यांस ६५ नें भागिलें कीं ०.८ गुण आले. शिक्षणांत प्रौढांनीं शाळेंत घालविलेलीं वर्षें व आजच्या बालकाच्या वांट्यास येण्याजोगीं वर्षें, दोन्ही पाहतात. उत्पन्न लॉगॅरिथमनें मोजितात. कारण गरिबाच्या हातीं पडलेल्या हजार रुपयांचें मोल धनिकाच्या हजारांहून फार मोठें.

पूर्वीं या तीन गुणांची साधी सरासरी घेत. समजा, दोन विषयांत ०.८ व तिसऱ्यांत ०.१ मिळाले, सरासरी सुमारें ०.५७ येते. २०१० पासून तिहींचा गुणाकार करून त्याचें घनमूळ काढितात; तें येतें अवघें ०.४. म्हणजे तिजोरी भरून शाळेची उणीव सहजासहजीं झांकतां येत नाहीं. पेपर तपासण्यांत वर्षें घालविलेल्या मला ही युक्ति फार आवडते.

तरी आमची ती आई याहि हिशेबांत आलीच नाहीं. भूतानांत 'सकल राष्ट्रीय आनंद' मोजितात. २००८ च्या तेथील राज्यघटनेंतहि त्याचा उल्लेख आहे. त्याच्या नऊ अंगांत 'वेळेचा विनियोग' हें एक. पाहणी करणारे लोकांस कामाचे व झोपेचे तास विचारतात, आणि मुलांच्या संगोपनासारखें बिनमोबदल्याचें कामहि कामांतच धरितात. दिवसाकांठीं आठ तासांहून अधिक राबणाऱ्यास या बाबतींत उणा गुण मिळतो. आरंभीं सांगितलेल्या आईचे तास त्या वहींत उमटले असते, आणि तिची अपुरी झोपहि.