थर्मोस्टॅट गाडीतच राहू द्या
उन्हाळ्यात घाट चढताना गाडी तापली की अनेक गॅरेजांत एक सल्ला हमखास मिळतो : थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या हवेत त्याची गरज नाही. हा सल्ला इंजिनाच्या मुळावर येणारा आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम एक तृतीयांश भाग कामी येतो, बाकीची बहुतेक उष्णता धुरावाटे आणि कूलंटवाटे बाहेर पडते. त्यामुळे ती जितकी घालवू तितके बरे, असे वाटणे साहजिक आहे. पण पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट, ऑइलचा पातळपणा, पेट्रोलची वाफ होणे, हे सारे सुमारे ९० अंश सेल्सिअस धरून आखलेले असते. इंजिन थंड राहिले तर न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली उतरते. सेन्सरने कूलंट थंड असल्याचे कळवले की ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि अ‍ॅव्हरेज घसरते. थर्मोस्टॅटमधले मेण साधारण ८२ ते ९० अंशांना वितळून फुगते आणि झडप उघडते, तोवर कूलंट रेडिएटरकडे जात नाही. इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येते ते त्यामुळेच.

विदर्भातल्या ४५ अंशांत तरी हे लागू पडते का? पडते, कारण ती हवाही कूलंटपेक्षा बरीच थंड असते. कसारा घाट चढताना चांगला थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेलाच असतो, तो काढून फारसे काही हाती लागत नाही. उलट काही इंजिनांत गरम झाल्यावर तोच बायपासची वाट बंद करतो. तिथे तो काढला तर बरेचसे कूलंट रेडिएटर टाळून परत फिरते आणि गाडी अधिक तापते. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकतो, हे खरेच. मग तो बदलावा, नवा फार महाग नसतो.

अति तापण्याची भीती मात्र रास्त आहे. नॉकिंग सुरू झाले की ईसीयू इग्निशन मागे घेतो आणि चढावर ताकद कमी पडते. त्यापुढे हेड गॅस्केट जाते, अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते. पण कारण बहुधा दुसरीकडेच असते. रेडिएटरचे झाकण साधारण १ बार जादा दाब धरून ठेवते, त्या दाबाला साधे पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले की हे संरक्षण गेलेच. बोअरचे पाणी ओतत राहिले तर क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या बुजतात. काटा सिग्नलवर चढून वेग घेताच उतरत असेल, तर आधी पंखा पाहावा. मोकळ्या रस्त्यावरही उतरत नसेल, तर रेडिएटर, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट तपासून घ्यावेत.